कचरा डेपोचा स्टॉप

लग्न होऊन मी कोथरूडला आले तेव्हा आमच्या बसस्टॉपचं नाव ‘कचरा डेपो’ होतं. कंडक्टर ते अशा आवाजात ओरडायचा, की उतरणाऱ्याला आपणच कुठेतरी नेऊन टाकायचा माल आहोत असं वाटावं. माझे सासरे पाहुण्यांना पत्ता सांगताना ‘वनाजपाशी उतरा’ म्हणत, पुढचं नाव गिळून टाकत. एके काळी पुण्याचा कचरा इथे येऊन पडायचा. मग शहर वाढलं, कोथरूडला भाव आला आणि कचऱ्याची पाठवणी शहराच्या दुसऱ्या अंगाला, उरुळी देवाची आणि फुरसुंगीला झाली. आमच्या जुन्या डेपोच्या जागेवर आता मेट्रोचे डबे मुक्कामाला असतात. कचरा गेला म्हणून आम्ही खूश. तो गेला म्हणजे कुणाच्या तरी दारात गेला, हे मनात यायलाच बरीच वर्षं लागली.

बँकेत बत्तीस वर्षं नोकरी करून मी निवृत्त झाले आणि सहा महिन्यांत सोसायटीची सेक्रेटरी झाले. निवडून वगैरे नाही. त्या सभेला मी हजर होते एवढंच. चोवीस बिऱ्हाडांची आमची सोसायटी. हिशेब, पाण्याची टाकी, पार्किंगची भांडणं, एवढंच काम असेल असं वाटलं होतं.

मग २०१७ चा उन्हाळा आला. एप्रिलमध्ये उरुळीच्या डेपोला आग लागली. धुराने हैराण झालेल्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या गावाच्या तोंडाशीच अडवल्या, आणि जवळजवळ तीन आठवडे अडवून धरल्या. पुण्यात घराघरांतून निघणारा कचरा जाणार कुठे? आमच्या पार्किंगमधले डबे तिसऱ्या दिवशी भरून वाहायला लागले. पाचव्या दिवशी तिथून जाताना लोक नाकाला रुमाल लावायला लागले, आणि सातव्या दिवशी सगळे मिळून माझ्याकडे आले. ‘तुम्ही काहीतरी करा.’ मी काय करणार? मी महानगरपालिकेला फोन केला, तिथे माझ्याआधी अख्ख्या पुण्याने केला होता.

तेव्हा एका रविवारी मी रिक्षा करून फुरसुंगीला गेले. उगाच गेले असं घरच्यांचं म्हणणं. पण ज्या टेकडीत माझ्याही घरातले कित्येक वर्षांचे भाज्यांचे देठ आहेत ती एकदा बघावी, असं मनात होतं. १६३ एकरांचा तो पसारा. लांबून डोंगरच वाटतो. जवळ गेल्यावर कळतं, डोंगराला प्लास्टिकच्या पिशव्यांची पालवी फुटली आहे. चहाच्या टपरीवरचा माणूस शांतपणे म्हणाला, “आमच्या विहिरीचं पाणी आधी पिवळं झालं, मग काळं. आता टँकर येतो. तुम्ही पुण्याच्या का?” मी हो म्हणाले. त्याने चहाचे पैसे मात्र घेतले, आणि मला ते बरं वाटलं.

आग कशी लागते हे मला तोवर माहीत नव्हतं. कुणीतरी काडी टाकत असेल असा समज. काडीही पडतच असेल, पण खरी गोष्ट खाली, ढिगाच्या पोटात घडते. आपल्याकडच्या घरगुती कचऱ्यात निम्म्याहून अधिक वाटा ओल्याचा: साली, देठ, उरलेला भात, चहाचा चोथा. तो मोकळ्या हवेत पडला तर कुजून त्याची माती होते. पण प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून, त्यावर आणखी शंभर पिशव्या रचल्या, की आत हवा जात नाही. हवेशिवाय जगणारे जिवाणू मग त्याचा ताबा घेतात आणि मिथेन वायू तयार होतो. आपल्या गोबरगॅसमध्ये पेटतो तोच हा वायू, फक्त इथे त्याला ना नळी ना शेगडी. ढीग आतून तापतो आणि कधीतरी धुमसायला लागतो. वरून बंबांनी पाणी मारलं तरी पोटातली आग दिवसेंदिवस राहते. मुंबईत देवनारचा डेपो २०१६ च्या जानेवारीत असाच पेटला होता. मिथेन न पेटता नुसता हवेत गेला तरी सुटका नाही. वीस वर्षांचा हिशेब धरला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशी पट उष्णता धरून ठेवतो. आणि कचऱ्यातून पाझरणारं काळं पाणी, त्यात ओल्यातलं आंबट आणि सुक्यातले सेल, रंग, औषधं सगळं मिसळून, मुरत मुरत विहिरीला मिळतं. टपरीवाल्याचं पिवळं आणि काळं पाणी ते हेच.

म्हणजे ओला वाईट नाही, आणि सुकाही फारसा वाईट नाही. दोघांची गाठ मारून दिलेली पिशवी वाईट. हे मला त्या डोंगरापाशी कळलं असं म्हणायला छान वाटेल, पण खरं तर कळलं ते नंतर, आमच्याच पार्किंगमध्ये.

आमच्याकडे कचरा न्यायला एक मावशी येतात. मूळच्या मराठवाड्याच्या. बहात्तरच्या दुष्काळात त्यांची आई त्यांना कडेवर घेऊन पुण्यात आली. त्या दुष्काळाने पुण्याला अशी कितीतरी माणसं दिली. लहानपणी त्या आईबरोबर पोतं घेऊन उकिरडे हिंडायच्या, कुत्र्यांशी आणि पोलिसांशी भांडत. १९९३ मध्ये पुण्यात ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी राहिली. हमालांसाठी आयुष्य वेचलेल्या बाबा आढावांचं तिला पाठबळ होतं. संघटनेमुळे कचरावेचकांना ओळखपत्र मिळालं आणि चोर म्हणून हटकणं कमी झालं. पुढे २००८ मध्ये याच कष्टकऱ्यांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेचा महानगरपालिकेशी करार झाला. तेव्हापासून त्या उकिरड्यावर जात नाहीत, दारावर येतात. घरामागे ठरलेले पैसे मिळतात, आणि सुक्यातलं भंगार विकून येईल ते त्यांचं. शहरात अशा तीन हजारांहून अधिक जणी आणि जण आहेत, बायकाच जास्त.

हे सगळं मी बरीच वर्षं त्यांच्याशी बोलून जमवलं. गाड्या अडल्या त्या तीन आठवड्यांत मात्र मी पहिल्यांदा त्यांच्या शेजारी पाट टाकून बसले. म्हटलं, डबे भरलेत, निदान सुका तरी वेगळा काढू, तेवढाच ढीग कमी.

पंधरा मिनिटांत माझी मान खाली गेली. पुठ्ठ्याचा चांगला खोका, त्यात कुणी आमटी ओतलेली. तो पुठ्ठा आता शून्य रुपयांचा. वर्तमानपत्रात गुंडाळलेली फुटकी काच, पण वर्तमानपत्र भिजून फाटलेलं. लहान मुलांचे डायपर, सॅनिटरी पॅड उघडे, दहीभाताला चिकटून. मावशी बोटांनी ते सारं वेगवेगळं करत होत्या, जसे मी तांदूळ निवडावेत. मध्येच त्या “आई गं” म्हणाल्या आणि त्यांनी बोट तोंडात घालायला नेलं, ते मी झटकन धरलं. सुई टोचली होती. इन्सुलिनच्या पेनाची, बारीक, चकाकणारी.

चोवीस बिऱ्हाडांत इन्सुलिन घेणारे तिघे. मी पिशवी उलटी केली. माझ्याच नातीच्या वहीची फाटकी पानं तीत होती.

त्यांना घेऊन डॉक्टरकडे गेले, टिटॅनसचं इंजेक्शन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, वापरलेल्या सुईतून कावीळ ब आणि एचआयव्हीसारखे आजारही लागू शकतात. माझ्या रक्ताच्या तपासण्या मी करून घेतल्या, रिपोर्ट मावशींना दाखवला. त्या म्हणाल्या, “राहू द्या वो ताई, अशा किती टोचल्यात.” ह्या वाक्याने मला जेवढं लागलं तेवढं आमच्या शाखेतल्या ऑडिटरने कधी काही म्हटल्यावर लागलं नव्हतं.

तेव्हापासून माझ्या सुया जाड प्लास्टिकच्या, झाकणाच्या बाटलीत जातात. भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून, वर ‘सुया’ लिहून मी ती मावशींच्या हातात देते, सुक्यातही टाकत नाही. पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायची पद्धत पुण्यातल्या कचरावेचकांनीच सुरू केली: ठिपका दिसला की पुडी उघडायची नाही, एवढी साधी खूण. २०१६ च्या केंद्राच्या नियमांनीही ओला, सुका आणि घरातला घातक असे तीन भाग सांगितले, पॅड नीट गुंडाळून द्या असंही सांगितलं. आमच्या सोसायटीत लाल पेन घेऊन मी दारोदार गेले. एका तरुण सुनेने पेन घेतलं आणि सासऱ्यांसमोर लाजली. सासरे पेपरातून मान वर न काढता म्हणाले, “अगं घे, त्यात काय.” पन्नास वर्षांपूर्वी आमच्या घरात हे झालं नसतं, एवढं मी नोंदवून ठेवते.

ओल्याचं काय करायचं हा मोठा प्रश्न होता. आठवडाभर वजनकाटा लावून मोजलं. चोवीस घरांचा ओला दिवसाला चौदा-पंधरा किलो. महिन्याला चारशे किलोंच्या वर जिन्नस फुकट उरुळीला! मागच्या अंगणात विटांचे, भोकं सोडून बांधलेले तीन फूट लांब-रुंद असे चार कप्पे केले. खत करायचं ठरलं. मी पुस्तकं वाचली, जिवाणूंची पावडर विकत आणली आणि पंधरा दिवसांत अख्ख्या सोसायटीला माझ्यावर उलटवलं.

काय झालं सांगते. आम्ही कप्प्यात ओलाच ओला टाकत गेलो. तो खाली बसला, दबला, काळं पाणी सुटलं, आणि जो वास मी फुरसुंगीला घेतला होता तोच आमच्या तळमजल्यावर घुमायला लागला. अळ्या झाल्या, आणि एक सरळ चढून पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या तुळशीत गेली. सभा बोलावली गेली. ‘छोटी उरुळी’ हा शब्द तिथेच निघाला.

सोडवलं ते आमच्या झाडूवाल्या काकांनी. रोज सकाळी ते आंब्याची आणि बदामाची वाळकी पानं गोळा करत आणि फाटकाजवळ पेटवत. मी ह्या शेकोटीबद्दल त्यांना कितीदा बोलले असेन; थंडीत त्याचा धूर जमिनीलगत बसतो, त्यातले बारीक कण थेट फुफ्फुसात जातात, दमेकऱ्यांचे हाल होतात. ते म्हणत, मग टाकू कुठं? त्या दिवशी सभा संपल्यावर ते कप्प्यात डोकावले आणि म्हणाले, “शेणात पाचोळा घालतो का नाही आपण? ह्याला पाचोळाच नाही.”

बस. एक टोपली ओल्यावर दोन टोपल्या पाचोळा. यामागचं शास्त्र मी नंतर वाचलं: कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या एका भागाला कर्बाचे पंचवीस-तीस भाग लागतात. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात नत्र जास्त, पानांत कर्ब जास्त. शिवाय पानांमुळे मधे हवा खेळती राहते, म्हणून वास येत नाही. आठ दिवसांत ढिगात हात घालवेना इतका तो तापला. पन्नास-साठ अंशांची ती ऊब म्हणजे काम नीट चालल्याची खूण. ओल किती हवी ते पाहायला मूठभर माल दाबायचा: बोटांतून एखाददुसरा थेंब आला तर ठीक, धार लागली तर पानं घाला, मूठ उघडल्यावर भुसभुशीत विस्कटला तर पाणी शिंपडा. विकतची पावडर मी परत आणली नाही. जुन्या खताच्या दोन ओंजळी आणि ताक, एवढं विरजण पुरतं. आणि त्या अळ्या, ज्यांच्यामुळे सभा झाली, त्या ब्लॅक सोल्जर नावाच्या माशीच्या. चावत नाहीत, रोग आणत नाहीत, उलट खादाड असल्याने काम लवकर उरकतात. काकूंना हे समजावून सांगितलं. त्यांना पटलं असावं, पण तुळस मात्र त्यांनी गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला नेली.

पहिला कप्पा पंधरा दिवसांत भरतो, चौथा भरेपर्यंत पहिल्यातला माल काळा, भुसभुशीत, पावसाच्या पहिल्या सरीचा वास असलेला झालेला असतो. चाळून घ्यायचा, जाडंभरडं परत कप्प्यात. महिन्याला साधारण एक पोतंभर पडतं, दोन कधीमधी. घरपट्टीतही खत करणाऱ्यांना महानगरपालिकेची सवलत आहे. त्या सवलतीची रक्कम सभेत वाचून दाखवली तेव्हा विरोधकांतले चारजण एकदम पर्यावरणवादी झाले.

आमच्या लहानपणी कचरा असा नव्हताच, असं म्हणायचा मोह मला होतो. आई नारळाच्या शेंड्या बंबासाठी ठेवायची, साली गाईला, चुलीची राख भांड्यांना, जुन्या साड्या बोहारणीला. पण त्यात आमचा मोठेपणा काही नव्हता. विकत येणाऱ्या वस्तूच कमी होत्या, आणि बोहारणीशी घासाघीस करायला आईला दुपारभर वेळ होता. आज नोकरी करून सात वाजता घरी येणाऱ्या सुनेला ‘आम्ही कसं सगळं वापरायचो’ सांगण्यात अर्थ नाही.

सुक्याचं मात्र आमचं सगळं सुटलेलं नाही. बाटल्या, पुठ्ठा, पत्रा यांना भंगारात भाव आहे, ते स्वच्छ दिले की झालं. दुधाची पिशवी धुऊन, उलटी करून वाळवली तर तीही विकली जाते. पिशवी कापताना कोपरा संपूर्ण तोडायचा नाही. तो टीचभर तुकडा कुणी उचलत नाही, गटारात जातो. हे मला मावशींनी शिकवलं, आणि गेल्या सात वर्षांत मी तुकडा पाडलेला नाही. २०१८ मध्ये राज्याने प्लास्टिकबंदी आणली तेव्हा दुधाच्या पिशवीला पन्नास पैसे परत द्यायची तरतूद होती. आमच्या दुकानात ते पैसे मला कधी मिळाले नाहीत. वेफर्सची, बिस्किटांची, शांपूच्या पुड्यांची वेष्टनं तर कुणीच घेत नाही, कारण त्यांत प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे पापुद्रे एकमेकांना असे चिकटवलेले असतात की सोडवणं परवडत नाही. तिथे मावशींचाही इलाज चालत नाही, माझाही. ते बनवणाऱ्यांनी निस्तरायला हवं. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ मला म्हणाले होते, “आम्ही टॅक्स भरतो, कचरा वेगळा करणं आमचं काम नाही.” वेष्टनांबद्दल ते बरोबर असतील. पण वरण आणि पुठ्ठा एकाच पिशवीत कोण घालतं? कोणत्याही महानगरपालिकेला ओट्यावर येऊन ते थांबवता येणार नाही. एकदा मिसळलेलं वेगळं करायचं म्हणजे कुणाचे तरी हात लागतात, आणि ते हात कुणाचे असतात ते मी बघितलं आहे. यंत्र आहे म्हणतात. यंत्रालाही आमटीत भिजलेला पुठ्ठा कोरडा करता येत नाही.

त्या गृहस्थांची बादली आजही आठवड्यातून एकदा मिसळलेली येते. मावशी ती उचलत नाहीत, दारात तशीच ठेवून पुढे जातात. मी एकदा विचारलं, नेमकी रविवारीच कशी? त्या म्हणाल्या, “रविवारी मटन असतंय त्यांच्यात. हाडं, पिशव्या, बाटली, समदं एकात. घाईत असत्यात.”

त्यांना आमच्या सगळ्या घरांचं असंच माहीत आहे. कुणाकडे पाहुणे आले, कुणी डाएट सोडलं, कुणाचं बाळ आजारी, कुणाच्या घरी दोन दिवस चूल पेटली नाही. बँकेत मी लोकांची पासबुकं बघायचे, पण माणसांची इतकी माहिती मला कधी नव्हती.

परवा सकाळी मी माझा सुक्याचा डबा त्यांच्याकडे दिला. धुतलेला, वाळवलेला, कोपरे न तुटलेला. सुयांची बाटली वेगळी. त्यांनी एकदा वरून नजर टाकली, डब्यात हात घातला आणि दोन रिकामे डबे वर काढून माझ्यासमोर धरले.

“ताई, श्रीखंडाचे दोन? शुगर हाय ना तुम्हाला?”